मुळशीचे पाणी आणि झोपाळ्याची कडी

मुळशीचे नाव काढले की सांप्रतच्या तरुण मंडळींच्या डोळ्यांपुढे धबधबे, धुके आणि निखाऱ्यावर भाजलेली कणसे उभी राहतात. त्यात त्यांचा दोष नाही. आषाढ-श्रावणात तो मुलूख दिसतोच तसा. परंतु गेल्या श्रावणात आम्ही चुलते-पुतणे त्या वाटेने जे गेलो, ते धबधबे पाहण्यासाठी नव्हे, तर गंज पाहण्यासाठी. गंज पाहावयास का कोणी प्रवासाला जाते, असे वाचकांच्या मनात येईल. आमच्या सूनबाईंनीही डबा भरून देताना हाच प्रश्न केला, आणि त्यांना हसू आवरले नाही. त्याचे उत्तर देण्यापूर्वी आमच्या झोपाळ्याची हकीकत सांगणे भाग आहे.

आमचे मूळ घर पौडच्या पुढे, मुळशी तालुक्यातच. शिक्षकाच्या चाकरीमुळे माझा सारा जन्म परगावी गेला. सेवानिवृत्त झाल्यावर बिऱ्हाड पुन्हा येथे आणले. घरात लहानमोठी चौदा माणसे. ओसरीवर पणजोबांच्या वेळचा सागवानी फळीचा झोपाळा, आणि त्याच्या पितळी साखळ्यांवर ओतीव हत्ती, मोर व पोपट. दर दिवाळीस घरातील लेकीसुनांनी या साखळ्या चिंच लावून लखलखीत कराव्या, असा आमच्याकडील परिपाठ. या झोपाळ्याची खरी मालकीण म्हणजे आमची आत्या. ती विसाव्या वर्षी माहेरी परत आली ती कायमची. घरातील दोन पिढ्यांना तिने त्या फळीवर निजविले, परवचा तेथेच म्हणवून घेतला, आणि ऐंशी वर्षे उलटल्यावरही दुपारची पोथी घेऊन ती तेथेच बसे. दोन वर्षांपूर्वी आषाढात अशाच एका दुपारी तुळईतील एक कडी तुटली, फळी एका अंगावर कलंडली आणि आत्या खाली आली. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. पण त्यानंतर ती आपल्या पायांनी ओसरीपर्यंत आलेली नाही.

साखळ्या शाबूत होत्या. तुटली ती त्यांना धरून ठेवणारी लोखंडी कडी. पुतण्याने तिचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला तो मी अजून जपून ठेवला आहे. बाहेरचा भाग करंगळीएवढा जाड आणि काळ्या रंगाने तुकतुकीत. तुळईच्या भोकात दडलेला भाग मात्र झिजून काडीएवढा उरलेला, भोवती तांबूस पापुद्रे. खाली जेथे पितळी आकडा टेकत असे तेथेही एक खाच पडलेली. तो काळा रंग मीच दिला होता. आदल्या वर्षी घरात मुंज होती, पाहुणे यावयाचे होते. कड्यांवर तांबूस डाग दिसले म्हणून मी शिडीवर चढून रंगाचे दोन हात फासून खाली उतरलो. कडी काढून पाहावी, असे मनात आले नाही असे नाही. आले, पण सुतारास बोलवा, तुळईला टेकू द्या, हा खटाटोप मुंजीच्या धांदलीत कोण करणार! ही गोष्ट मी घरात कोणाजवळही बोललो नव्हतो.

माझा हा पुतण्या, म्हणजे धाकट्या बंधूंचा मुलगा, धातूंच्या परीक्षेचे काम करतो. कारखान्यांतील टाक्या, नळ आणि बाष्पपात्रे आतून किती झिजली आहेत हे बाहेरून मोजून सांगणे हा त्याचा व्यवसाय. मी संस्कृताचा मास्तर. शास्त्राचे शिक्षक रजेवर असले की त्यांचा तास मला घ्यावा लागे, एवढाच माझा विज्ञानाशी संबंध. म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री त्याने मला, आणि भोवती जमलेल्या सगळ्या गोतावळ्याला, एक प्रयोग करून दाखविला. लोखंडाचा एक घासून स्वच्छ केलेला पत्रा, त्यावर मिठाच्या पाण्याचा एक टपोरा थेंब, आणि त्या थेंबात कालविलेली दोन रसायने. एक फिनॉल्फ्थॅलीन, जे अल्कलीच्या संगतीत गुलाबी होते. दुसरे पोटॅशियम फेरिसायनाइड, ज्याला विरघळलेल्या लोखंडाचा स्पर्श झाला की ते गडद निळे होते. पाहता पाहता थेंबाच्या मध्यभागी निळाई उमटली आणि काठाला गुलाबी कडे आले. पोरांनी टाळ्या पिटल्या.

केंब्रिजचे यूलिक इव्हान्स यांनी १९२६ च्या सुमारास या थेंबाचा उलगडा केला, आणि गंजाचे आधुनिक शास्त्र बव्हंशी तेथून वाढले. थेंबाच्या काठाशी हवा भरपूर, म्हणून प्राणवायू भरपूर. मध्यभागी त्याची टंचाई. या एवढ्या असमानतेमुळे त्या थेंबात एक चिमुकली विजेरी तयार होते. जेथे प्राणवायू कमी तेथे लोखंड विरघळते, जेथे तो जास्त तेथे लोखंड सुरक्षित राहते; आणि तांबूस गंज साचतो तो या दोहोंच्या मध्ये कोठेतरी. माझ्या मनात त्यातील एक गोष्ट रुतून बसली. तांबूस डाग जेथे दिसतो, लोखंड तेथेच खाल्ले जात असते असे नाही. खाल्ले जाते ते झाकलेल्या जागी: फटीत, मातीखाली, बोल्टाच्या माथ्याखाली, तुळईच्या भोकात.

सकाळी निघताना आत्याच्या खाटेपाशी गेलो. ती म्हणाली, "मुळशीला निघालात तर एवढं बघून या. ज्या धरणापायी माझ्या आईचं माहेर पाण्याखाली गेलं, ते धरण तरी नीट सांभाळतात ना?" 

हे तिचे बोलणे ज्यांस कळणार नाही त्यांच्यासाठी थोडा इतिहास. टाटांनी सह्याद्रीच्या माथ्यावरचे पावसाचे पाणी अडवून कोकणात उतरविण्याची व त्यावर वीज निर्माण करण्याची योजना आखली. खोपोलीचे वीजघर १९१५ मध्ये, भिवपुरीचे १९२२ मध्ये आणि मुळशीच्या पाण्यावर चालणारे भिऱ्याचे १९२७ मध्ये सुरू झाले. मुळा-नीळेच्या खोऱ्यातील पन्नासाच्या आसपास गावे, आणि आंबेमोहोराची ती सुगंधी खाचरे, या पाण्याखाली जावयाची होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापटांस 'सेनापती' ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबरीने उभे होते. १९२४ पर्यंत झगडा चालला आणि अखेर धरण झाले. माझी आजी त्या वेळी परकरी पोर होती. तिचे माहेर तेथे बुडाले, आणि मंगळागौरीच्या गाण्यांत माहेराची वाट आली की ती गप्प होई, एवढे मला स्वतःला आठवते.

पौड सोडल्यावर घराघरांवर पन्हळी पत्रे दिसू लागले. पूर्वी येथे कौले व गवती छपरे असत. मी म्हटले, "हे पत्रे लोखंडाचेच ना? मग या पावसात ते टिकतात कसे?" पुण्यास वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि येथे घाटमाथ्याकडे त्याच्या कितीतरी पट. पुतण्या म्हणाला, "काका, त्यांच्यावर जस्ताचा मुलामा असतो. मुलाम्याला ओरखडा पडून लोखंड उघडं झालं तरी आधी जस्त झिजतं, लोखंड वाचतं. जस्त स्वतःचा बळी देतं."

ही युक्ती समुद्रावर वापरली ती इंग्लंडचे हम्फ्री डेव्ही यांनी, १८२४ मध्ये. जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे मारीत, ते खाऱ्या पाण्यात झिजत. डेव्हींनी त्यांना जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडले. तांबे झिजायचे थांबले खरे, पण विरघळणारे तांबेच शंखशिंपल्यांना दूर ठेवीत होते! तांबे शाबूत राहिले आणि तळावर शिंपल्यांची अशी गर्दी झाली की जहाजे रखडू लागली. शास्त्रज्ञांचीही अशी फजिती होते, हे वाचून आम्हा मास्तरांस बरे वाटते. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेची गोष्ट याच जातीची. तांब्याचे अंग, आत लोखंडाचा सांगाडा, आणि दोहोंमध्ये लाख लावलेल्या अॅस्बेस्टॉसचे अस्तर. अस्तर काळांतराने निकामी झाले, आणि १८८६ साली उभ्या राहिलेल्या त्या पुतळ्याचे लोखंड तांब्याच्या संगतीत झपाट्याने खंगले. १९८६ च्या शताब्दीपूर्वी ते काढून बव्हंशी न गंजणारे पोलाद बसवावे लागले. आमच्या कडीला पितळी आकड्यापाशी पडलेली खाच, पुतण्या म्हणाला, तशीच.

जस्ताचे ते बोलणे ऐकून मला आत्या आठवली. आमच्या घराचे लोखंड आजवर टिकले ते कोणाच्या झिजण्यावर, हे मला सांगता येण्याजोगे आहे. पण तो विषय येथे पुरे.

धरणाची भिंत दिसली तेव्हा पाऊस उघडला होता. सुमारे दीड किलोमीटर लांब आणि पायापासून ४८ मीटरांच्या वर उंच अशी ही दगडी भिंत पाहताना पहिला विचार मनात येतो तो तिच्या चिरंतनतेचा. दगडाला काय होणार! परंतु वृद्धत्व येथेही सांध्यांतूनच शिरते. वाटेत रस्त्याकडेच्या एका जुन्या दगडी मोरीखाली पुतण्याने मला वाकावयास लावले. दगडांच्या सांध्यांतून पांढरे ओघळ खाली आले होते, आणि त्यांच्या टोकांशी बोटाएवढे पांढरे लोलक लोंबत होते. तो म्हणाला, "हा चुना. पावसाचं पाणी भुकेलेलं असतं."

भुकेलेले पाणी हा शब्द मला फार आवडला, आणि आमच्या वाचक भगिनींस तो चटकन उमगेल. पावसाच्या पाण्यात डाळ लवकर शिजते, साबणाला फेस लवकर येतो. विहिरीच्या जड पाण्यात तसे होत नाही. कारण पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. असे रिते पाणी दगडी बांधकामातून पाझरू लागले की सांध्यांतील चुना थोडा थोडा आपल्यात विरघळवून नेते. ओघळ पाहणाऱ्याला पांढरी नक्षी दिसते. आत मात्र सांधा पोकळ होत असतो. म्हणून जुन्या धरणांची परीक्षा करणारे लोक पाझराचे पाणी मोजतात, त्यात किती चुना आला ते तपासतात, भिंतीतून ध्वनिलहरी सोडून पोकळ जागा हुडकतात, आणि तेथे सिमेंटचा पातळ राब दाबाने भरतात. हे शास्त्र शिकण्यास आम्हा पुणेकरांना दूर जावयास नको. खडकवासल्याचे जल व विद्युत् संशोधन केंद्र १९१६ पासूनचे, आणि धरणांच्या बांधकामसाहित्याच्या परीक्षा तेथे होतात. मुळशीच्याच वयाचे भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. १९६९ मध्ये त्याला भेगा पडून गळती वाढली, तेव्हा भिंतीतून पोलादी दोर ओवून आणि पाठीशी टेकू देऊन ते सावरण्यात आले. आणि धरण म्हणजे काय, हे ज्या पुणेकर कुटुंबांनी १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पाण्यात आपले संसार वाहताना पाहिले, त्यांना मी काय सांगावे? पानशेत जुने होऊन फुटले नव्हते, ते पुरते बांधूनही झाले नव्हते. तरी भिंतीपलीकडच्या पाण्याचे भय त्या दिवसापासून आमच्या पिढीच्या हाडांत आहे.

तलावाच्या काठाने गाडी चालली असता मी संस्कृत शिक्षकाच्या हक्काने दिल्लीच्या लोहस्तंभाचा विषय काढला. चंद्र राजाच्या प्रशस्तीचा तो स्तंभ, उंची सात मीटरांच्या वर, वजन सहा टनांच्या वर, सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आणि गंजलेला नाही! वर्गात मी हे किती वेळा अभिमानाने सांगितले असेल. पुतण्याने अभिमान काढून घेतला नाही, पण त्याला थोडी पुस्ती जोडली. कानपूरच्या तंत्रविद्या संस्थेतील प्राध्यापक बालसुब्रमण्यम यांनी या स्तंभाचा सखोल अभ्यास केला. जुन्या लोहारांच्या भट्टीतील त्या लोखंडात स्फुरदाचे प्रमाण आजच्या पोलादाहून पुष्कळ जास्त आहे, आणि त्यामुळे पृष्ठावर एक पातळ, घट्ट कवच तयार झाले आहे. दिल्लीची कोरडी हवाही साह्यास आली. हवेतील ओलावा शेकडा साठ-सत्तरच्या वर टिकून राहिला म्हणजे लोखंड गंजू लागते, आणि दिल्लीत वर्षातील बरेच महिने तो त्याखाली असतो. "आणि काका, १९६१ साली तो स्तंभ उकरून पाहिला, तेव्हा जमिनीखालच्या भागाला गंज चढलेला होता." पुन्हा तीच झाकलेली जागा!

आयुर्वेदाने मात्र गंजलेल्या लोखंडालाही मान दिला आहे. पांडुरोगावर मंडूरभस्म देतात, आणि मंडूर जितके जुने तितके गुणकारी, शंभर वर्षांचे सर्वांत उत्तम, असे वैद्य मानतात. मुळशीच्या वाटेवर मंडुराची आठवण काढून मी पुतण्याला हसविले.

ताम्हिणीचा घाट उतरून विळ्यावरून आम्ही पाटणूस-भिऱ्याकडे वळलो. घाटातल्या गर्दीविषयी काही लिहीत नाही. प्लास्टिकच्या पिशव्यांचे धबधबेही आता तेथे पाहावयास मिळतात, एवढे सांगितले म्हणजे पुरे. भिरे हे सह्याद्रीच्या तळाशी. मुळशीचे पाणी डोंगराच्या पोटातील बोगद्यातून येते आणि पोलादी नळांतून खाली झेपावते. वास्तविक मुळेचे पाणी पुण्यावरून भीमेस, तेथून कृष्णेस आणि मग पूर्वसमुद्रास जावयाचे. येथे ते माणसाने पश्चिमेकडे वळविले आणि वीज देऊन झाल्यावर कुंडलिकेत सोडून दिले. सुमारे ५०० मीटर खाली उतरलेल्या या पाण्याचा नळाच्या तळाशी दाब किती असेल? दहा मीटर पाण्याला एक वातावरण, या शाळेतील हिशेबाने पन्नास वातावरणे. मी हिशेब मांडला, पुतण्याने मान डोलावली. असल्या नळाची जाडी हा केवळ आकडा नव्हे, ती त्याची आयुर्मर्यादा होय.

ती जाडी नळ न कापता मोजता येते. पूर्वी रेल्वेच्या स्थानकांवर एक मनुष्य हातोडी घेऊन डब्यांच्या चाकांवर ठोके देत जाई, आणि आवाज बद्द आला की चाकाला चीर गेली असे ओळखी. बाजारात मडके घेताना आपण करतो तेच. आजचे यंत्र कानाला ऐकू न येणारा ध्वनी पोलादात सोडते. तो पलीकडच्या पृष्ठावर आपटून परत येतो. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर धावतो; म्हणजे एक सेंटिमीटर जाडीच्या पत्र्यातून जाऊन येण्यास त्याला सेकंदाचा सुमारे तीन लाखावा भाग लागतो. यंत्र तेवढा काळ मोजते आणि जाडी सांगते.

पावसाची मोठी सर आली म्हणून आम्ही एका शाळेच्या पडवीत थांबलो, आणि तेथे माझ्या प्रश्नांना पुतण्याने जी उत्तरे दिली ती ऐकून मला शहारे आले. पणजीचा मांडवीवरील पूल १९८६ च्या ५ जुलैस कोसळला, तेव्हा त्याचे वय उणेपुरे सोळा वर्षांचे होते. सिमेंटच्या पोटात ताणून बसविलेले पोलादी दोर खाऱ्या हवेने आतल्या आत खाल्ले होते. ठाणे खाडीवरील १९७३ चा वाशीचा पूल याच दुखण्याने जायबंदी झाला, आणि १९९७ मध्ये शेजारी दुसरा बांधावा लागला. सिमेंटमध्ये लोखंड खरे तर सुरक्षित असते, कारण ओले सिमेंट चुन्यासारखे अल्कलीयुक्त. पण मीठ किंवा हवेतील कर्बाम्लवायू आत शिरला की ते कवच जाते. मग गंज लोखंडाच्या दुप्पट-तिप्पट, कधी त्याहूनही अधिक जागा मागतो आणि सिमेंटला आतून फोडतो. आपल्या घरांच्या स्लॅबचे पोपडे पडतात ते यामुळेच. मालवणच्या राजकोटावरील छत्रपतींचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर १९२३ ला नव्हे, २०२३ ला उभा राहिला (माझी लेखणी जुन्या शतकाकडे ओढ घेते) आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी पडला. पडण्याच्या कारणांची चर्चा पुष्कळ झाली, परंतु सार्वजनिक बांधकाम खात्याच्या २० ऑगस्टच्या पत्रात नटबोल्टांस गंज चढल्याचा उल्लेख होता. आणि आमच्या शेजारच्या मावळात, कुंडमळ्यास, इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ च्या रविवारी माणसांच्या गर्दीसह खाली आला. चार जीव गेले. पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे लावलेला होता.

फलक! मी त्या शब्दापाशी अडखळलो. फलक लावणे आणि रंग फासणे यांत मला काही फार अंतर दिसेना.

असे नाही की याचा विचार कोणी करीत नाही. तमिळनाडूत कारैकुडी येथे विद्युत्-रसायनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा १९५३ मध्ये सुरू झाली; अळगप्पा चेट्टियार यांनी तिच्यासाठी तीनशे एकर जमीन आणि पंधरा लक्ष रुपये दिले होते. तेथील संशोधकांनी देशात ठिकठिकाणी धातूंचे तुकडे उघड्यावर टांगून, वर्षानुवर्षे त्यांचे वजन करून, कोठे लोखंड किती वेगाने झिजते याचा भारताचा नकाशा तयार केला. किती कंटाळवाणे आणि किती थोर काम! तुकडा टांगायचा, वाट पाहायची, वजन करायचे, लिहून ठेवायचे. जगात गंजापायी होणारे नुकसान एका आंतरराष्ट्रीय अहवालाने २०१३ सालासाठी जगाच्या एकूण उत्पन्नाच्या शेकडा ३.४ इतके धरले आहे. त्यातील बराच भाग आजच ठाऊक असलेल्या उपायांनी वाचण्याजोगा आहे, असेही तो अहवाल म्हणतो.

आपल्या आज्या-पणज्यांना हे निराळ्या रीतीने ठाऊक होते. पितळेच्या भांड्यात ताक कळकते म्हणून कल्हई. आणि लोणचे कितीही घाई असली तरी चिनी मातीच्या बरणीत, धातूत नाही. मीठ आणि आंबट यांच्यापुढे आजचे न गंजणारे पोलादही पूर्णपणे टिकत नाही. त्याच्या अंगावरील क्रोमियमचे अदृश्य कवच मीठ टोचून टोचून भेदते. कल्हईवाला मात्र आता आमच्या गावात फिरकत नाही. त्याची ती हाळी ऐकून किती वर्षे झाली, हे आठवावयाचे म्हटले तरी आठवत नाही.

परत येताना घाटमाथ्यावर एका चहाच्या टपरीशी थांबलो. मालकाने पाण्यासाठी जुन्या टँकरचे लोखंडी पिंप उंच मांडणीवर चढविले होते, हिरव्या रंगाने रंगविलेले. त्याखालीच बाकडे, बाकड्यावर दोन मुले अभ्यास करीत बसलेली. पुतण्याने त्याची परवानगी घेऊन यंत्र लावले. वरच्या अंगास चार मिलिमीटर. तळाशी, जेथे गाळ बसतो, दोनाहूनही कमी. मालक म्हणाला, "असं कसं साहेब? गेल्याच वर्षी रंग दिलाय की!"

मुलांना त्याने बाकड्यावरून उठविले, आणि पिंप रिकामे करून उतरवीन असे कबूल केले. आम्ही गाडीत बसलो. बराच वेळ मी काही बोललो नाही. मग पुतण्याला सांगून टाकले, की कडीला रंग मी दिला होता, आणि देताना डाग पाहिले होते.

तो समोर रस्त्याकडे पाहत म्हणाला, "काका, मला तेव्हाच कळलं होतं. रंगाच्या खाली गंज होता. म्हणजे गंज आधीचा आणि रंग नंतरचा. घरात शिडीवर तुमच्याशिवाय कोण चढतं?"

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही कधी तरी बोलाल असं वाटलं."

घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आत्या जागी होती. तिच्या प्रश्नाचे उत्तर मी वाटेत जुळवून ठेवले होते. तिला सांगितले, की २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांची पावसाळ्यापूर्वी एकदा व नंतर एकदा अशी तपासणी आता बंधनकारक आहे. पाझर मोजावा लागतो, नोंद ठेवावी लागते. तिने विचारले, "आणि ती नोंद कोणी वाचतं का?" यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. मग, आज नाही तर पुन्हा धीर होणार नाही असे वाटून, तिला रंगाचीही गोष्ट सांगितली.

ती आढ्याकडे पाहत राहिली. पाऊस पुन्हा लागला होता आणि पन्हळीवरून पाणी अंगणात पडत होते. पुष्कळ वेळाने म्हणाली, "मग आता नव्या कडीला काय फासणार आहेस?"

"काहीच नाही," मी म्हटले. "उघडी ठेवणार. तुळईच्या आरपार दांडा, दोन्ही बाजूंनी आटे, केव्हाही काढून पाहता येईल असा."

दिवाळीपूर्वी तशा चार कड्या बसविल्या. न गंजणाऱ्या पोलादाच्या, आणि पितळी आकड्याखाली चामड्याची चकती. आषाढापूर्वी आणि कार्तिकात त्या काढून पाहावयाच्या, आणि भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहावयाचे, असे ठरले. पाडव्याच्या दिवशी आत्याला खुर्चीत बसवून ओसरीवर आणले. पोरे फळीवर चढावयास धडपडत होती, तिने त्यांना हाताने मागे सारले आणि मला म्हणाली, "आधी तू वर चढ."

मी शिडीवर चढलो, आटे सैल केले, दांडा बाहेर ओढून तिला दाखविला आणि परत घट्ट बसविला.

"आता पलीकडचा," ती म्हणाली.

मी खाली उतरून शिडी सरकविली.